कोणत्या रमाबाई?

गेल्या वर्धापनदिनी सभागृहात जो घोटाळा झाला तो बहुतेक भगिनींच्या स्मरणात असेलच. मंडळाने दोन तसबिरी मोठ्या हौसेने करवून घेतल्या होत्या, एक पंडिता रमाबाईंची आणि एक रमाबाई रानडे यांची. तसबिरी वेळेवर आल्या, चौकटीही सुबक होत्या. परंतु दुकानदाराने खालच्या पाट्यांची अदलाबदल करून ठेवली होती. हार घालून झाले, दीपप्रज्वलन झाले, तरी कोणाच्याही ध्यानात आले नाही. त्यानंतर चौथीतली एक चुणचुणीत मुलगी भाषणास उभी राहिली. तिच्या भाषणातल्या रमाबाई गंगामूळच्या अरण्यात जन्मल्या, न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले, त्यांनी केडगावास आश्रम काढला, आणि परदेशातून बाबासाहेब त्यांना पत्रे लिहीत असत! सर्वांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खोटे कशाला सांगू, मीही वाजवल्या.

समारंभ आटोपल्यावर चहा घेता घेता आपल्या करावे गावच्या एक सभासद भगिनी मजजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, फोटो दोन लावलेत. आमची रमाई कुठं आहे?" मजपाशी उत्तर नव्हते. हे ऐकून दुसऱ्या एकीने थेऊरच्या रमाबाईंचा विषय काढला. "थोरल्या माधवरावांची रमा विसरलात होय?" तेव्हा तिसरी ताडकन म्हणाली, "सती गेलेल्या बाईची तसबीर महिला मंडळात लावायची म्हणजे काय!" आणि कोपऱ्यातून एक हळू आवाज आला, की मग बाटलेल्या बाईची तरी का लावली? चहा तसाच निवून गेला. पुढल्या सभेत ठरले की स्मरणिकेत कोणीतरी या रमाबाईंविषयी नीट लिहावे. माझे नावही रमा, तेव्हा ते काम आपोआपच मजकडे आले.

लिहावयास बसले आणि प्रथम नावापाशीच अडले. रमा म्हणजे लक्ष्मी, माधवाची पत्नी. पतीचे नाव माधव असले की तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने 'रमा' लिहावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत. माझेही नाव असेच ताटातले आहे. माहेरी मी निराळीच होते. पुण्याच्या इतिहासातही ही जोडी आलेली आहे. एक शनिवारवाड्यातले थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई. दुसरी न्यायमूर्ती रानडे यांची. न्यायमूर्तींचे नाव महादेव खरे, परंतु घरीदारी त्यांना माधवराव म्हणत. त्यांच्या पत्नीचे माहेरचे नाव यमुना होते. यमूची रमा झाली ती माधवरावांमुळेच असावी असे मला वाटते. पहिल्या माधवरावांचा मृत्यू 1772 सालचा, दुसऱ्यांचे हे लग्न 1873 सालचे. मधली शंभर वर्षे ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे समजावयास सोपे जाते.

आधी थेऊरच्या रमाबाई. माधवराव पेशवे सोळाव्या वर्षी गादीवर बसले, तेव्हा पानिपतचा घाव ताजा होता. अकरा वर्षांत त्यांनी दौलत पुन्हा सावरली. निजामाचा राक्षसभुवनावर पराभव केला, हैदरावर स्वाऱ्या केल्या, घरात चुलते राघोबादादा यांच्याशी झगडावे लागले ते निराळेच. आणि या सर्वांत राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, शरीर पोखरत नेले. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. थेऊरास मुळामुठेच्या काठी त्यांचे वृंदावन आहे. रणजित देसाई यांची 'स्वामी' कादंबरी 1962 साली निघाली आणि या रमाबाई घरोघर पोहोचल्या. पुढे 1987 साली दूरदर्शनवर मालिका आली, 2014 साली 'रमा माधव' चित्रपट आला. आपल्यापैकी कित्येकींना रमा-माधवांचे बोलणे तोंडपाठ आहे. ते संवाद कादंबरीकाराचे आहेत, इतिहासाचे नव्हेत, हे मात्र विसरू नये.

आता शंभर वर्षांनंतरची दुसरी रमा पाहू. या जन्मल्या 1862 साली देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. (याच देवराष्ट्र्यात पुढे 1913 साली यशवंतराव चव्हाण जन्मले.) माहेरी मुलींना अक्षरओळखही नव्हती. 1873 च्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या यमूचे लग्न बत्तिसाव्या वर्षात असलेल्या बिजवर न्यायमूर्तींशी झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी स्वतःवर वेळ आली तेव्हा कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर त्या काळी सडकून टीका झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी होती असे म्हणवत नाही. वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही. परंतु त्याच रात्री त्यांनी या मुलीस विचारले, की मी कोण, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे काय? तिने ऐकले होते तसे नाव सांगितले. नवऱ्याचे नाव उखाण्यावाचून उच्चारावयाचे नाही असा तो काळ! मग शिकण्याचा विषय निघाला आणि पाटी-पेन्सिल आली. हे सारे रमाबाईंनीच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910 साली निघालेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांच्या शिकण्याचा किती छळवाद मांडला, दिवसभर टोमणे ऐकून रात्री धडे कसे गिरवले, हे वाचताना आपलीच आजी समोर बसून सांगते आहे असे वाटते. कोठे कडवटपणा नाही. थोडा असता तर मला अधिक बरे वाटले असते.

या रमाबाई वीस वर्षांच्या असताना पुण्यात तिसऱ्या रमाबाई आल्या, आणि दोघी एकमेकींना भेटल्या. 1882 सालची ही भेट मला फार मोलाची वाटते.

पंडिता रमाबाईंचे नाव ताटातले नव्हे, जन्माचे. 23 एप्रिल 1858 हा त्यांचा जन्मदिवस. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामुळाच्या रानात जाऊन राहिले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. निराळी जात, निराळा प्रांत. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत पटकीने ते वारले. पदरी मनोरमा, दहा-अकरा महिन्यांची.

वय पुरते चोवीसही नाही. माहेर नाही, सासर नाही, जात सोडलेली. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या आणि रडत बसल्या नाहीत. व्याख्याने देऊ लागल्या. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, 'आर्य महिला समाज' स्थापन केला, आणि त्याच वर्षी सरकारच्या हंटर कमिशनापुढे साक्ष देऊन, मुलींना शिकवावयास शिक्षिका पाहिजेत आणि बायकांसाठी बायकाच डॉक्टर पाहिजेत, असे स्पष्ट सांगितले. आर्य महिला समाजाच्या सभांना रानडे यांच्या रमाबाई जात. घरातल्या बायकांना ते मुळीच खपत नसे. ज्या बाईने बंगाल्याशी लग्न केले तिच्याजवळ बसून आलेली सून स्वयंपाकघरात कशी घ्यावयाची? तरी त्या जात राहिल्या. दोन्ही रमाबाई शेजारी बसलेल्या, एक नवऱ्याने शिकवलेली आणि एक आईने शिकवलेली. एकीस सारे काही होते आणि दुसरीस काही नव्हते. महिला मंडळ ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात अशाच सभांतून उगवली. आपण महिन्यातून एकदा सतरंजी अंथरून बसतो, ती सतरंजी त्यांची आहे. दोन वर्षांनी, 1884 साली, मुलींच्या हायस्कुलासाठी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाई रानडे यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. त्याच साली हुजूरपागेची शाळा निघाली.

पंडिता 1883 साली विलायतेस गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बाप्तिस्म्याचे नाव 'मेरी रमा'. तेथून अमेरिकेस गेल्या, 1886 साली फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली तेव्हा त्या समारंभास हजर होत्या. (आनंदीबाईंचेही माहेरचे नाव यमुनाच! लग्नात गोपाळरावांनी आनंदी केले. म्हणजे मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात दोन यमुना आहेत आणि दोन्ही नावांनिशी बुडालेल्या आहेत.) 1889 साली परत येऊन त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढल्या वर्षी पुण्यास नेले. तेथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्याही नव्या नावाने आनंदीबाई झाल्या.

त्याच 1893 साली सदनावर वादळ आले. मुलींना ख्रिस्ती करतात असा बोभाटा झाला, 'केसरी'ने कोरडे ओढले, आणि सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे व भांडारकर बाहेर पडले. आपल्या पत्नीस जिच्या सभांना धाडले तिच्या संस्थेतून माधवरावांनी अंग काढून घ्यावे, हे वाचताना आजही वाईट वाटते. सदनातल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या हेही खरे आहे, आणि पालकांचा विश्वास ढळला तर त्यांना दोष कसा द्यावा? मी दोन्ही बाजू मनात पुष्कळ वेळा तोलून पाहिल्या. परंतु एक प्रश्न उरतोच. ज्या मुलींना कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांना घेणारे घर पुण्यात तेव्हा दुसरे किती होते? पुढे दुष्काळात आणि प्लेगात पंडितांनी केडगावास मुक्ती सदन उभारले. गावोगाव जाऊन उपाशी मुली आणि टाकलेल्या बायका आणल्या. छापखाना, विणकाम, शेती, सारे बायकाच करीत. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. 1921 साली मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. 'बाटलेली' हा एकच शब्द त्यांच्यासाठी पुरेसा आहे असे ज्या भगिनीस वाटते तिने एकदा केडगाव पाहून यावे.

रानडे यांच्या रमाबाईंना वैधव्य आले ते 1901 सालच्या जानेवारीत. मूलबाळ नव्हते. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रीकैद्यांकडे जाऊ लागल्या. 1909 साली पुण्यास आपल्याच वाड्यात सेवा सदन सुरू केले. तेथे प्रौढ बायकांचे वर्ग निघाले, शिवणकाम निघाले, आणि चांगल्या घरच्या विधवांना त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास धाडले. परक्या माणसांची मलमूत्रे काढावयाची, रात्रपाळी करावयाची, म्हणून केवढा गहजब झाला! आज आपल्या सीवूड्सच्या स्टेशनावर रात्रपाळीहून उतरणाऱ्या परिचारिका मुली आपण रोज पाहतो, त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झगडल्या. 1924 साली त्यांचे निधन झाले. 1962 साली त्यांच्या जन्मशताब्दीस टपाल खात्याने तिकीट काढले, आणि 2012 साली 'उंच माझा झोका' या मालिकेने त्या आपल्या मुलीसुनांच्या ओळखीच्या झाल्या.

तीन रमाबाई, तिघींना वैधव्य. एक चितेवर गेली, एक तान्हे मूल घेऊन व्यासपीठावर गेली, एक तुरुंगातल्या बायकांच्या भेटीस गेली. मधे 1829 साली बेंटिंकने बंगालात सतीबंदीचा कायदा केला आणि मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. कायद्याने मरण थांबवले. परंतु जगावयाचे कसे हे काही कायद्यात लिहिलेले नव्हते. ते या दोघींना स्वतःच शोधावे लागले.

चौथ्या रमाबाई यांच्याआधीच यावयास हव्या होत्या असे करावेच्या त्या भगिनी म्हणतील, आणि मला ते मान्य आहे. आपल्या तसबिरींत त्या नव्हत्या, कारण तसबिरी ठरवणाऱ्या आम्ही पाच-सहाजणींना त्या आठवल्याच नाहीत. याला दुकानदार जबाबदार नाही.

दापोलीजवळच्या वणंद गावी 1898 साली भिकू धुत्रे यांच्या घरी या जन्मल्या. वडील दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. समुद्रातून आलेली टोपली डोक्यावर घेतली म्हणजे पाणी मानेवरून पाठीवर कसे उतरते, हे आपल्या करावेच्या, दारावेच्या आजीबाईंना विचारावे. आईवडील लवकर गेले. मामा-चुलत्यांनी मुलांना मुंबईस आणले, आणि 1906 च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, रमीचे लग्न भीमराव आंबेडकर यांच्याशी झाले. नवरी नऊ वर्षांच्या आतबाहेरची. रमीची रमाबाई झाली. साहेब त्यांना 'रामू' म्हणत, आणि त्या त्यांना 'साहेब'.

साहेब 1913 साली अमेरिकेस गेले, तेथून लंडनास, पुन्हा 1920 साली लंडनास. या वर्षांत परळच्या चाळीतला संसार रमाबाईंनी ओढला. त्यांनी गोवऱ्या थापून दिवस काढले असे सांगतात. पाच मुलांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. एक यशवंत वाचला. ज्या बाईने चार लेकरे पुरली तिच्या धीराविषयी आपण लिहितो तेव्हा लेखणी जरा खाली ठेवावीशी वाटते. पंढरपुरास जावे अशी त्यांची इच्छा होती. ज्या देवळात आपल्याला आत घेत नाहीत तेथे कशाला, आपण आपले दुसरे पंढरपूर उभारू, असे साहेब म्हणत अशी आठवण सांगतात. 27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात त्या वारल्या. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. 1940 साली निघालेला पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला, तिच्या मनाच्या चांगुलपणाची आणि हलाखीच्या दिवसांत तिने दाखवलेल्या धैर्याची आठवण ठेवून.

या रमाबाईंनी पुस्तक लिहिले नाही, संस्था काढली नाही, व्यासपीठावरून भाषण केले नाही. म्हणून त्या 'कर्तबगार स्त्रियां'च्या यादीत बसत नाहीत असे एक सुशिक्षित भगिनी मला म्हणाल्या. परंतु माणसांनी आपल्या वस्त्यांना नाव दिले ते त्यांचेच. घाटकोपरास द्रुतगती मार्गाच्या कडेला माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. 11 जुलै 1997 रोजी तेथे पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, तेव्हा ते नाव सगळ्या देशाने ऐकले. सरकारच्या घरकुल योजनेसही 'रमाई' नाव आहे. बाकीच्या तिघींना आपण 'बाई' म्हणतो. आई म्हटले गेले ते फक्त यांना.

आता मंडळातल्या वादाविषयी. गेल्या हिवाळ्यात आपली सहल अष्टविनायकांपैकी थेऊरास गेली होती, त्यातल्या तीसएक जणींना आठवेल. चिंतामणीचे दर्शन झाल्यावर आपण वृंदावनापाशी गेलो. दोघीतिघींनी हळदकुंकू वाहिले. मी वाहिले नाही. मला त्या रमाबाईंविषयी आदर नाही असे नव्हे. बावीस-तेवीसच्या पुढे जिचे वय फारसे नसेल अशी ती मुलगी. तिला त्या दिवशी काय वाटले असेल हे कोणत्याही कादंबरीस सांगता यावयाचे नाही. तिच्यासाठी डोळ्यांत पाणी यावे. परंतु हळदकुंकू वाहिले म्हणजे झाले ते चांगलेच झाले असे आपण म्हणतो, ते म्हणावयाची माझी तयारी नाही. त्याच सोलापूर रस्त्याने पुढे चौफुल्यावरून वळले की केडगाव. बसमध्ये मी सुचवले होते, की इतक्या जवळ आलो आहोत तर मुक्ती सदन पाहून जाऊ. उशीर होईल, स्वयंपाक खोळंबतील, म्हणून बस परत फिरली. यंदा तिकडेच आधी जावयाचे आहे.

कार्यकारिणीत बरीच भवति न भवति होऊन यंदा चार तसबिरी लावावयाचे ठरले आहे. चौथीवर दोघींनी विरोध नोंदवला, सतीच्या तसबिरीवर तिघींनी. विरोध इतिवृत्तात लिहून ठेवला आहे. पाट्यांवर नाव, जन्मगाव, आणि जिथे ठाऊक आहे तिथे माहेरचे नाव, अशा तीन ओळी असतील. पाट्या या खेपेस मी स्वतः दुकानात उभी राहून लावून घेतल्या आहेत. चौथीतली ती मुलगी आता पाचवीत गेली. तिला मी घरी बोलावून चौघींच्या गोष्टी सांगितल्या. सर्व ऐकून झाल्यावर तिने विचारले, "आजी, मग तुझं खरं नाव काय?"

मी सांगितले. बेचाळीस वर्षांनंतर ते नाव मोठ्याने उच्चारताना जीभ जरा अडखळली. तिने ते आपल्या वहीत लिहून घेतले.